कोळशाच्या वखारीचं अंदाजपत्रक : प्रकल्प नोंदी

४ मे २०२५, रविवार

गणेशोत्सव मंडळाची बैठक झाली. यंदाचा देखावा माझगावच्या जुन्या गोदीचा. मधोमध आगबोट, तिच्यावर दिवे, धुराड्यातून धूर. मागे काय दाखवायचं यावर वाद झाला आणि कुणीतरी म्हणालं, "कोळशाची वखार दाखवा, आगबोट काय पाण्यावर चालत होती?" मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. बांधकाम खात्यात तीस वर्षं अंदाजपत्रकं केली, निवृत्त झालो तरी सुटका नाही.

मी एक अट घातली. नुसतं पुठ्ठ्याचं गोदाम करायचं नाही. वखार खरीच बांधायची आहे असं समजून आधी आराखडा आणि खर्च काढायचा, मग त्याचं मॉडेल. वर्ष धरलं १८८५. सुएझ कालवा १८६९ ला खुला झालेला, प्रिन्सेस डॉक १८८० ला सुरू झालेला, आरमाराच्या बोटी कोळशावर. जागा काल्पनिक, माझगाव आणि रे रोडच्या मधल्या किनाऱ्यावर. धक्का आधीच बांधलेला आहे असं धरणार, नाहीतर पाण्यातलं काम सगळं अंदाजपत्रक खाऊन टाकेल.

खजिनदार म्हणाले, "काका, खर्च मॉडेलचा सांगा, इंग्रजांचा नको." दोन्ही सांगीन म्हटलं.

७ मे

रे रोडला उतरून दारूखान्यात फिरून आलो. लाकडी बंदर, कौला बंदर, पावडर बंदर, कोळसा बंदर. कुठे काय उतरत होतं ते नावातच लिहिलेलं. बंदुकीची दारू ठेवायच्या जागेच्या शेजारी कोळसा ठेवायची कल्पना आज कुठल्या फायर ऑफिसरला सांगून बघावी. आता तिथे जहाजं तोडतात. पहिली 'विक्रांत'ही २०१४ ला इथेच तुटली. गॅसकटरच्या ठिणग्या, पत्र्यांचे ढीग, चिखल.

एका लोहाराच्या भट्टीवरून दगडी कोळशाची गोणी मिळाली. त्यानं विचारलं कशाला पाहिजे. "गणपतीला," म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही.

११ मे

आज फक्त प्रश्न एक: साठा किती?

मुंबईतून कोळशावर निघालेली पहिली मोठी सफर म्हणजे 'ह्यू लिंडसे'. मुंबईच्याच गोदीत बांधलेली, ४११ टनांची. २० मार्च १८३० ला सुएझकडे निघाली. बोटीत कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा; भरला अकरा दिवसांचा. कोठ्या भरल्या, मग उतारूंच्या खोल्या भरल्या, मग डेकवर ढीग. एडनला लागली तेव्हा सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. नऊ वर्षांनी, १९ जानेवारी १८३९ ला, इंग्रजांनी एडनच घेतलं. त्यामागचं एक मोठं कारण कोळसा ठेवायला हक्काची जागा हेच होतं.

मी १८८५ ची मधल्या आकाराची बोट धरली. पूर्ण ताकद ३,००० अश्वशक्ती, वेग १४ नॉट, म्हणजे तासाला १४ सागरी मैल. कंपाउंड इंजिन, म्हणजे एका अश्वशक्तीला तासाला सव्वादोन पौंड कोळसा. पूर्ण ताकदीने पळाली तर तासाला तीन टन. पण प्रवासात कुणी तसं पळवत नाही. वेगाच्या घनाच्या प्रमाणात ताकद लागते, त्यामुळे १० नॉटला उतरलं की ताकद येते ११०० च्या आसपास आणि कोळसा तासाला १.१ टन. मुंबई ते एडन सुमारे १,६५० सागरी मैल, म्हणजे १६५ तास, म्हणजे १८२ टन.

१८० टन हा आकडा लिहून भिंतीवर चिकटवला. एका बोटीची एका सफरीची शिदोरी.

वखार ६,००० टनांची. इतक्या बोटींना का पुरायला हवी ते आरमाराला माहीत. मला गोल आकडा बरा वाटला.

१३ मे

मापांचं बघितलं आणि सुखावलो. इंग्रजी टन २,२४० पौंड. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, वीस मणांची खंडी ५६० पौंडांची. म्हणजे टनाला बरोबर चार खंड्या, शेष शून्य. डोक्यावरची पाटी दोन मणांची धरली, ५६ पौंड, तर टनाला चाळीस पाट्या. आजच्या हिशेबात पाटी साडेपंचवीस किलोची.

बांधकामाला ब्रास आहेच, शंभर घनफूट. आपले वाळूवाले अजून ब्रासमध्येच फसवतात.

सैल टाकलेला कोळसा घनफुटाला ५० पौंड. टनाला ४५ घनफूट धरले. उंची १० फूट. एका खणात १,००० टन, म्हणजे ४५,००० घनफूट, म्हणजे ९० बाय ५० फूट. असे सहा खण एका ओळीत, मागे भिंत, पुढे धक्क्याकडे तोंड उघडं.

१८ मे

चूक सापडली, ओंकारने काढली. पोरगा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "काका, पुढची बाजू उघडी आहे ना? मग कोळसा तिथे सरळ उभा कसा राहील?"

बरोबर. कोळसा साधारण ३७ अंशांच्या उतारावर थांबतो. १० फूट उंचीला पुढे तेरा सव्वातेरा फूट उतार. प्रत्येक खणात ३,३०० घनफूट हवा, म्हणजे ७४ टन कोळसा कमी. सहा खणांत ४४० टन. तीस वर्षं मुरूम, खडी, वाळूचे ढीग मोजले आणि कोळसा काय पेटीत ठेवलेले लाडू समजलो?

खणाची लांबी ९० वरून ९७ केली.

२५ मे

भिंती. या नोंदीला वेळ लागला, पण मजा आली.

दगडी भिंत दाब सोसते, ताण सोसत नाही. कोळसा आतून ढकलतो, भिंत आपल्या वजनाने उभी राहते. दोन्हींची मिळून जी रेघ निघते ती पायाच्या रुंदीच्या मधल्या तिसऱ्या भागातून गेली पाहिजे. बाहेर गेली की कोळशाकडच्या कडेला सांधा उघडतो, आणि चुन्याचा सांधा एकदा उघडला की पुढचं पावसाळा बघतो.

१० फूट उंचीला तळाशी दाब चौरस फुटाला १२५ पौंड, फूटभर लांबीवर एकूण रेटा ६२५ पौंड. बाहेरची भिंत: माथ्याला २ फूट, पायाला ३ फूट, बाहेरून उतार, अनघड काळा दगड. वजन फुटामागे ३,५०० पौंड. रेघ येते बाहेरच्या कडेपासून १.१४ फुटांवर. मधला तिसरा भाग १ ते २ फूट. बसली.

अध्यक्षांना उंच भिंत हवी होती, देखाव्यात उठून दिसेल म्हणून. त्यांच्यासाठी १२ फूट करून पाहिली, जाडी तीच. रेघ आली ०.८८ वर. बाहेर. दोन फूट उंची वाढवली तर रेटा जवळजवळ दीडपट होतो, भिंतीचं वजन मात्र जेमतेम पाचव्या हिश्श्याने वाढतं. नाही म्हणून सांगितलं.

खरी गंमत मधल्या भिंतींची. मला वाटलं, दोन्हीकडे कोळसा, रेटा एकमेकांना मारेल, भिंत बारीक चालेल. पण एक खण भरलेला आणि शेजारचा उपसलेला असेल तेव्हा? आणि वखार म्हणजे कायम तसंच असणार. त्यात ही भिंत दोन्हीकडून सारखी उतरती हवी, कारण मार कुठूनही येईल. ३ फूट पायाला रेघ ०.९ वर, बाहेर. साडेतीन फूट केली तेव्हा १.२१, हद्द १.१७. थोडक्यात आत. म्हणजे आतली भिंत बाहेरच्या भिंतीपेक्षा जाड. आयुष्यात पहिल्यांदा असं काढलं, तीनदा तपासलं.

एकूण लांबी तीनशेवीस फुटांच्या थोडी वर, ३२३ फूट ६ इंच. पायावरचं बांधकाम २६३ ब्रास, पाया पाच फूट रुंद आणि तीन फूट खोल धरून १५० ब्रास. मिळून ४१३ ब्रास.

२७ मे

काल पाऊस मुंबईत येऊन ठेपला. २६ मे, मे महिन्यातच. बाल्कनीतल्या कुंड्या उलटल्या.

पाऊस बघत बसलो होतो तेव्हा हिशेब सुचला. सहा खणांचं क्षेत्र २९,१०० चौरस फूट. कुलाब्याला वर्षाला ढोबळ २,२०० मिलिमीटर पडतो, सव्वासात फूट. उघड्या वखारीवर वर्षाला पडणारं पाणी २ लाख १० हजार घनफूट, वजनाने साधारण ५,८०० टन. ६,००० टन कोळशावर तेवढंच पाणी!

तरी पूर्ण छप्पर घातलं नाही. पन्नास फुटांचा गाळा, लोखंडी कैच्या, खाऱ्या हवेत गंज, त्यावर कोळशाची भुकटी. दोन खणांवर मंगलोरी कौलं, पावसाळ्यात बोटीला द्यायचा कोळसा तिथे. बाकी चार उघडे. जमिनीला चुन्याचं काँक्रीट, मागून पुढे ढाळ, तोंडाशी पन्हळ. पन्हळीला गाळाचा खड्डा, नाहीतर पहिल्याच सरीत सगळा चुरा समुद्रात.

१ जून

आग. कोळशाला बाहेरून काडी लावावी लागत नाही. चुरा, ओल, गंधकयुक्त दगडाचे कण आणि हवा मिळाली की ढीग आतल्या आत तापतो. बोटींत हे इतकं होऊ लागलं की इंग्लंडमध्ये सरकारी आयोग बसला, त्याचा अहवाल १८७६ चा. त्यातली गोष्ट वाचून मी थबकलो. कोळसा तापू नये म्हणून लोक ढिगाच्या पोटातून हवा खेळवत होते, आणि आयोग म्हणाला की त्यानंच जास्त पेटतं. हवा वरून खेळू दे, पोटात नको.

म्हणून मी आधी काढलेली भिंतींतली भोकं खोडली. ढिगात लोखंडी नळ्या उभ्या रोवायच्या, त्यात दोरीने थर्मामीटर सोडायचा, रोज वाचन. पण समजा तिसरा खण तापला, तर करणार काय? तापलेला कोळसा उपसून पसरावा लागतो. पसरणार कुठे? सहाही खण भरलेले.

एक खण कायम रिकामा. ६,००० ची वखार ५,००० ची झाली. खजिनदारांना सांगितलं तर म्हणाले, "रिकाम्या खोलीचं भाडं भरायचं म्हणजे!" हो, तेच.

८ जून

पैशाचा रकाना भरायला बसलो आणि अडलो, कारण पैसाच हलत होता. वेल्सचा कोळसा पौंडात विकत, मजुरी आण्यात. रुपया आधी दोन शिलिंगांचा होता, पौंडाला दहा रुपये. चांदी घसरत गेली, आणि १८९० च्या दशकाच्या अखेरीस रुपया एक शिलिंग चार पेन्सला बांधला, पौंडाला पंधरा. समजा मुंबईत उतरून टनाला एक पौंड पडला. ५,००० टनांचे आधी पन्नास हजार रुपये, नंतर पंच्याहत्तर हजार. एक पाटी न हलता पंचवीस हजारांचा फरक. असल्या नाण्यात भिंतीशी तुलना काय करायची?

म्हणून मनुष्यदिन हे नाणं धरलं. रोजगार हमीच्या कामांवर हेच करायचो. गवंडी दिवसाला एक घनमीटर, त्याच्या हाताखाली दोन मजूर. ४१३ ब्रास म्हणजे सुमारे १,१७० घनमीटर, म्हणजे ३,५१० मनुष्यदिन. फरशीला १,२००, छप्पर, पन्हळ, नळ्या वगैरेला १,३००. एकूण ६,०००. वखार झाली.

जुन्या हिशेबांवरून आठवलं. एडन घेणारा कॅप्टन हेन्स पंधरा वर्षं तिथला कारभार बघत होता. खात्यात २८ हजार पौंडांची तूट निघाली, म्हणून १८५४ ला मुंबईला आणला. अफरातफरीतून दोनदा सुटला, पण रक्कम भरेना म्हणून सहा वर्षं मुंबईच्या तुरुंगात. १८६० ला सुटका झाली आणि लगेच इथेच, बंदरात उभ्या बोटीवर वारला. मोजमाप पुस्तक वेळच्या वेळी भरावं, असं आमचे साहेब म्हणायचे ते उगीच नाही.

१५ जून

बांधकामाच्या दरात 'लीड-लिफ्ट' नावाची गोष्ट असते. माल किती लांबून आणला, किती उंच चढवला. अंदाजपत्रकात ती शेवटून दुसऱ्या पानावर असते, कुणी वाचत नाही. मीही वखारीत ती शेवटाला ठेवली होती.

आज केली. कोळसा चारदा उचलावा लागतो. बोटीच्या पोटातून पडावात, म्हणजे माल वाहणाऱ्या होडीत. पडावातून खणात. खणातून पुन्हा पडावात. पडावातून आरमारी बोटीच्या कोठीत. ५,००० टन म्हणजे दोन लाख पाट्या, चारदा म्हणजे आठ लाख. माणसाला दिवसाला १२० पाट्या धरल्या तर ६,६६७ मनुष्यदिन.

म्हणजे साठा एकदा भरून एकदा रिकामा केला की अख्खी वखार नव्याने बांधण्याहून जास्त मजुरी झाली. वर्षातून दोनदा साठा फिरला तर दोनदा. आणि मी तीन आठवडे भिंतीच्या पाव इंचावर घालवले होते.

२१ जून, शनिवार

१२० हा आकडा मी हवेतून काढला होता. तो तपासायचा ठरवलं.

मंडळाच्या पटांगणात फळी टाकली, चढती. समुद्रालाही मान दिला: मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत साधारण बारा फुटांचा फरक, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवशी, पावणेपाच फुटांचा. पडाव खाली गेला की फळी उभी होते. आम्ही मधला चढ धरला, पाच फूट. अंतर दीडशे फूट. लोहाराकडचा कोळसा पाटीत भरला, भाजीवाल्याच्या काट्यावर साडेपंचवीस किलो तोलला.

ओंकारने उचलला. जिमला जाणारा मुलगा. पहिल्या पाच फेऱ्या हसत. सहाव्याला टॉवेल डोक्यावर. कोळशाचे कोपरे पाटीच्या विणीतून टाळूला लागतात, हे कुठल्याच आकडेमोडीत नव्हतं. पहिल्या तासात १४ फेऱ्या. दुसऱ्यात ९. तिसऱ्या तासाला तो पाण्याच्या टाकीला टेकून बसला. घामाच्या काळ्या ओघळांखाली त्याची जात्याच गोरी मान दिसत होती.

प्रत्येक फेरीला पाटी ओतताना तळाशी भुकटी उरायची. तेवीस फेऱ्यांनंतर तीच पाटी पुन्हा भरली तर ढेकळं लहान झालेली. चारदा उचलायचं म्हणजे चारदा फोडायचं, आणि आरमाराला ढेकळं हवीत.

तात्या दाराशी खुर्ची टाकून बघत होते. शहाऐंशी वर्षांचे, गोदीत धान्याच्या गोणी वाहिलेले. त्यांचे वडील कोळशावर. मी विचारलं, दिवसाला किती पाट्या? तात्या म्हणाले, "बा मोजायचा नाही. टोळीवाला मोजायचा." मग थोड्या वेळाने, "एक पाटी कमी मोजायचा."

१२० चे ९० केले. ८,९०० मनुष्यदिन, पाट्या भरणारे वेगळे.

६ जुलै

मॉडेल एकास पन्नास. लांबी साडेसहा फूट, खणांची खोली दोन फूट, पुढे धक्का आणि बोट. भिंती थर्माकोलच्या नाहीत, पुठ्ठा आणि भुसा.

अध्यक्षांना विचारलं, किती माणसं दाखवायची? म्हणाले, "दहा-बारा ठेवा, सजावटीला." मी भिंतीवरचा कागद दाखवला. १८० टन. ७,२०० पाट्या. खणातून पडावात आणि पडावातून बोटीत, दोनदा उचल, १४,४०० पाट्या. बोट एका दिवसात भरायची तर १६० माणसं. एकास पन्नासला माणूस सव्वा इंचाचा, शाडूचा.

खजिनदारांनी चश्मा काढला. आगबोटीच्या दिव्यांचे पैसे कापून माणसं करायची, यावर दीड तास चर्चा. धुराड्यातला धूर गेला, तेव्हा कुठे जमलं.

३ ऑगस्ट

चाळीतल्या पोरांनी शाडूचे १६० केले. काही जाडे, काही वाकडे, दोघांना नाकं नाहीत. फळीवर दोन ओळी, एक चढती भरलेल्या पाटीची, एक उतरती रिकाम्या. सहावा खण रिकामा, "हा अपुरा राहिला का?" असं दोघांनी विचारून झालं. बाजूला पाटी लावली: 'तापलेला कोळसा पसरण्यासाठी'.

तात्यांना दाखवायला आणलं. त्यांनी वाकून एकेकाकडे पाहिलं. भिंतींकडे नाही, बोटीकडे नाही. म्हणाले, "चुंबळ कुठाय?"

खरंच नव्हती. १६० डोकी, १६० पाट्या, मध्ये काही नाही. ओंकारने आपोआप टाळूला हात लावला.

खर्चात वाढ: चुंबळीसाठी जाड सुती दोरा, २ रीळ.